मंगळवारी दुपारी, न सांगता जा: बौद्धिक दिव्यांग माणसाची देखभाल खरंच चांगली आहे का हे कसं ओळखायचं

माझा धाकटा भाऊ, घरात त्याला बापू म्हणतात, आता अडतीसचा आहे. डाऊन सिंड्रोम. अमळनेरजवळच्या आमच्या गावात अख्खं गाव त्याला ओळखतं आणि तो अख्ख्या गावाला, कुणाची म्हैस व्याली ते आईच्या आधी त्याला कळायचं. चार वर्षांपूर्वी आईचा खुबा मोडला आणि जो प्रश्न आम्ही पंधरा वर्षं "बघू नंतर" म्हणत ढकलत होतो तो एका रात्रीत दारात येऊन बसला. मी धुळ्याला, मोठा भाऊ सुरतला, आई खाटेवर. बापूचं कोण करणार?

पहिल्या वेळी, एका निवासी संस्थेत त्याला ठेवताना, आम्ही काय बघितलं, तर इमारत. फरशी चकचकीत, भिंतीवर मिकी माऊस, ऑफिसात पाहुण्यांसोबतचे फोटो, झालं, आम्ही खूश. सात महिन्यांनी परत आणलं तेव्हा त्याचं वजन नऊ किलोने उतरलं होतं आणि शेजारी कुणी डोकं खाजवायला हात वर केला तरी तो मान खाली घालायचा. नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही. पण विचारायचं ते आम्ही विचारलंच नव्हतं हे मान्य करते, आणि म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, ज्यांच्या घरी आता तीच वेळ आलीय त्यांच्यासाठी.

आधी एक शब्दांचा घोळ. गुगलवर "लर्निंग डिसॅबिलिटी" टाकलं की आपल्याकडे डिस्लेक्सिया येतं, वाचन-लेखनाची अडचण. इंग्लंडमध्ये त्याच शब्दाचा अर्थ आपण ज्याला मतिमंद म्हणायचो, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतो, तो आहे. तिकडची माहिती वाचताना हे डोक्यात ठेवा नाहीतर गोंधळ होतो. तिकडे "सपोर्टेड लिव्हिंग" म्हणजे घर त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर भाड्याने, आणि मदतीला येणारी माणसं वेगळ्या संस्थेची. म्हणजे मदतनीस नीट नसले तर मदतनीस बदलायचे, माणसाला घर सोडावं लागत नाही. हे असं तयार आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारात शोधायला गेलात तर हाती येतं ते वसतिगृह नाहीतर निवासी संस्था. पण बापू आता ज्या घरात राहतो ते आम्ही तीन कुटुंबांनी मिळून जवळपास तसंच जमवलंय: जळगावला तीन खोल्या भाड्याने, भाडेकरार आमच्या तिघांच्या नावावर, तिथे राहणारं एक जोडपं पगारावर आणि दिवसा एक मावशी. जोडपं मागच्या वर्षी बदललं, बापूची खाट जिथे होती तिथेच राहिली. संस्था असो नाहीतर असं घर, तपासायच्या गोष्टी त्याच.

पहिलं काम: वही

कुठेही बघायला जायच्या आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि ज्याला ठेवायचंय त्याच्याबद्दल सगळं लिहून काढा. हे काम आईकडूनच होतं, तिला विचारून कुणीतरी लिहायचं, आणि आई धडधाकट आहे तोवरच करा, आम्ही ते तिच्या ऑपरेशननंतर केलं, निम्मं तिला आठवत नव्हतं.

काय लिहायचं तर औषधं, डोस, आधी झालेले आजार हे आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कोणती गोष्ट कशी सांगतो. बापूचं बोलणं अहिराणी, तेही तुटक. "माले भायेर जानं शे" म्हणजे त्याला लघवीला जायचंय. त्या पहिल्या संस्थेत सांभाळणारी माणसं विदर्भातली, चांगली की वाईट तो भाग वेगळा, पण त्यांना वाटायचं ह्याला गेटबाहेर जायचंय. मग "नाही जायचं बाहेर, बस खाली". मग तो कपड्यात करायचा. मग शिक्षा. फाइलमध्ये आम्हाला नंतर सापडलं, "पळून जाण्याचा प्रयत्न करतो, मुद्दाम कपडे ओले करतो". एका शब्दापायी सात महिने. म्हणून वहीत एक पान फक्त शब्दांचं करा, डावीकडे त्याचा शब्द, उजवीकडे अर्थ. बोलतच नसेल तर खुणांचं करा: भूक लागली की काय करतो, दुखलं की काय करतो, घाबरला की काय करतो. बापू दात दुखला की कुणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून बसतो. माहीत नसलेल्याला वाटेल रुसला.

आणि आवडीनिवडी लिहाच, त्यांना किरकोळ समजू नका. चहा बशीत लागतो. शेवभाजीतली शेव वेगळी लागते, रश्शात भिजलेली चालत नाही. कळण्याची भाकरी खातो, पोळी दिली तर अर्धी टाकतो. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे वाळत घातले की कावळे हाकलायचं काम त्याचं, ते काम दुसऱ्याला दिलं तर दिवसभर तोंड फुगलेलं.

कागदपत्रं, एकदाच बसून उरकून टाका

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा, त्याशिवाय कुठलंच दार उघडत नाही, आणि बहुतेक योजनांना निदान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. दुसरं पालकत्व. पुष्कळ आईवडिलांना वाटतं आपण आहोतच की पालक, पण अठरा पूर्ण झाली की कायद्याने तो सज्ञान, मग बँकेत, जमिनीच्या व्यवहारात, पेन्शनमध्ये अडतं. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा, त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, अध्यक्ष कलेक्टर, तिथे अर्ज करायचा, कोर्टाच्या फेऱ्या नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता ह्या चारच गटांसाठी हा कायदा आहे. पालक झाल्यावर सहा महिन्यांत त्या माणसाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. हे कुणी सांगत नाही, सर्टिफिकेट घेऊन लोक मोकळे होतात.

ह्याच कायद्याने चालणाऱ्या राष्ट्रीय न्यास ह्या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा काढा, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट नाही, वयाची अट नाही, ओपीडीचा खर्चही धरतात. दरवर्षी रिन्यू करायला विसरू नका, आम्ही एक वर्ष विसरलो आणि नेमका त्याच वर्षी हर्निया निघाला.

पालकत्व मिळालं म्हणजे त्याला विचारायचं बंद असं मात्र नाही हं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, त्यात कोर्टाकडून मिळणारं पालकत्व सुद्धा मर्यादित धरलंय, म्हणजे निर्णय त्या माणसासोबत बसून, त्याचा कल बघून घ्यायचे. कपडे कुठले, जेवायचं काय, शेजारी कोण झोपणार, हे बापूला नीट कळतं. शेतीचा व्यवहार कळत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बघायला जायचं ते कसं

पहिल्यांदा फोन करून, वेळ घेऊन जा. ते नाटक बघून घ्या. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट मागा, 2016 च्या कायद्याने दिव्यांगांची संस्था नोंदणीशिवाय चालवता येत नाही, आणि सर्टिफिकेटवरची तारीख बघा, लॅमिनेट केलेलं असलं म्हणजे चालू असतंच असं नाही. विशेष शिक्षक असतील तर त्यांचा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर विचारा.

दुसऱ्यांदा न सांगता जा. रविवारी नको, सणाला नको, 3 डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला तर अजिबात नको. मंगळवारी, बुधवारी, दुपारी चारच्या सुमारास. "आत्ता भेटता येणार नाही, मुलं झोपलीत" असं सांगितलं तर चार वाजता पंचवीस मोठी माणसं का झोपलीत हा प्रश्न आपल्याला पडला पाहिजे. एकतर काही करायला नाही म्हणून, नाहीतर औषध देऊन. आणि चाळीशीच्या माणसाला मुलं म्हणतात ते पण कानाने टिपून ठेवा.

अशाच एका ठिकाणी मी चहाच्या वेळी पोचले होते. स्टीलचे पेले एका रांगेत, सगळ्यांत सारखाच चहा, सारखीच साखर, प्रत्येकाच्या हातात दोन पारले. एका बाईंनी पेला खाली ठेवला, पुन्हा त्यांच्या हातात दिला, त्यांनी पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तो पेला उचलून मावशींनी दुसऱ्याला दिला. कुणी विचारलं नाही की बाई, चहा नको का, गरम आहे का, दूध हवंय का. ओरडलं कुणी नाही, मारलं कुणी नाही, सगळं स्वच्छ होतं. कपाटात कॅरम बोर्ड होता, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. मी तिथून निघाले.

बाथरूमला आतून कडी आहे का बघा. कपाट प्रत्येकाचं वेगळं आहे का, त्यावर नाव आहे का, आत त्याचेच कपडे आहेत का की सगळ्यांचे कपडे एका ढिगात आणि सकाळी हाताला लागेल ते अंगात. टूथब्रश मोजा. खरंच मोजा, वीस माणसं आणि सात ब्रश असं मी पाहिलंय. सगळ्यांचं डोकं भादरलेलं असेल तर कारण विचारा, "उवा होतात" हे उत्तर येतं, मग उवांचं औषध का नाही हे विचारा. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ दिसतात का. रात्री किती माणसांमागे कोण असतं आणि ते जागं असतं की झोपलेलं. बायका-मुली असतील तर रात्री बाई असते का, आणि पाळीच्या वेळी काय करतात, कापड की पॅड, कोण मदत करतं, हे बिनधास्त विचारा, लाजायचं कारण नाही. 1994 साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनला काढली होती, कारण काय तर पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही. आजच्या कायद्याने माणसाच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल असं काहीही करता येत नाही, तरी "ऑपरेशन करून घ्या, कटकट जाईल" असा सल्ला देणारे आजही भेटतात. तिथून सरळ उठा.

फी जास्त म्हणजे दर्जा चांगला, हेही डोक्यातून काढा. इंग्लंडात ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खाजगी हॉस्पिटल होतं, एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड फी. 2011 मध्ये बीबीसीच्या पत्रकाराने लपवलेला कॅमेरा घेऊन तिथे काम केलं तेव्हा बौद्धिक दिव्यांग माणसांना मारहाण होताना सगळ्या देशाने पाहिली. अकरा जणांना शिक्षा झाली. आणि तिथल्याच एका नर्सने त्याआधीच तक्रार केली होती, तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने लक्ष दिलं नव्हतं. जिथे इतकी तपासणी तिथे हे, तर आपल्याकडे तपासणी आपणच.

सांभाळणाऱ्या माणसांना विचारायचं, मॅनेजरला नाही

मॅनेजर गोड बोलणारच. स्वयंपाकाच्या मावशींजवळ बसा. पगार वेळेवर होतो का, सुट्टी मिळते का, किती दिवसांपासून आहात. दर चार महिन्यांनी माणसं बदलत असतील तर तुमच्या माणसाचे शब्द, खुणा कुणालाच कळणार नाहीत, वही कितीही छान लिहा. आम्ही जोडप्याला महिन्यातून चार पगारी सुट्ट्या देतो, त्या दिवशी आम्हा तिघांच्या घरातलं कुणीतरी जाऊन राहतं. त्यांच्यावर हा उपकार करत नाही आम्ही, थकलेला माणूस चिडतो आणि चिडला की हात उचलतो, इतकं सरळ आहे ते.

एक प्रश्न मी सगळ्यांना विचारते: "ह्याने रागात ताट फेकलं तर तुम्ही काय करता?" कुणी म्हणतं कोंडतो, कुणी म्हणतं आमचा धाक आहे. आत्ताच्या आमच्या जोडप्यातल्या वहिनी, त्या एरंडोलकडच्या, म्हणाल्या, "आधी बघेन ना काय झालं ते, भाजी तिखट असेल, दात दुखत असेल." तिथेच ठरवलं.

तब्येत

इथे घाई करू नका, कारण अशा माणसांचे साधे आजार उशिरा कळतात आणि त्यात जीव जातो.

फिट येत असेल तर तिथे सगळ्यांना काय करायचं ते माहीत हवं, एकट्या नर्सला नाही. आपल्याकडे अजून चप्पल हुंगवतात, कांदा धरतात, दातात चमचा घालतात. यातलं काहीच करायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला, पाणी पाजायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर हॉस्पिटल. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय हे रात्रीच्या माणसाला विचारा.

पोट साफ होतं का ह्याची नोंद ठेवतात का? हसू नका. बद्धकोष्ठतेने आतडं अडकून माणसं गेलीत, आणि ज्याला पोट दुखतंय हे सांगता येत नाही तो डोकं आपटतो नाहीतर चावतो, मग त्याला शांत करायच्या गोळ्या वाढवतात, त्याच गोळ्यांनी पोट अजून घट्ट होतं. तीन दिवस झालं नाही तर डॉक्टरांना फोन, असा नियम आमच्या घरात फ्रिजवर चिकटवलाय.

आणि आपलं ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातोच. मानसिक आजाराच्या काही गोळ्या आणि त्यांच्यासोबत हमखास दिलं जाणारं ट्रायहेक्झिफेनिडिल ह्यांनी घाम कमी येतो, म्हणजे अंग आतून तापतं आणि बाहेरून कळत नाही, त्यात तहान लागली हे सांगता येत नसेल तर बघायलाच नको. म्हणून एप्रिलच्या आधी डॉक्टरांकडे सगळ्या गोळ्या घेऊन जा आणि स्पष्ट विचारा, ही उन्हाळ्यात चालेल का, कमी करता येईल का. स्वतःच्या मनाने बंद करू नका. कूलर चालू आहे का, त्यात पाणी भरतं कोण, दर तासाला पाणी कोण देतं, हे जायच्या दिवशी डोळ्यांनी बघा.

डाऊन सिंड्रोम असेल तर वर्षातून एकदा थायरॉईड, अधूनमधून कान आणि डोळे. चाळिशीच्या पुढे विसरभोळेपणा वाढला, सवयीची कामं अडायला लागली तर "आता हट्टी झालाय" म्हणून सोडून देऊ नका, डाऊनमध्ये अल्झायमर लवकर सुरू होऊ शकतो, आणि थायरॉईडमुळेही तसंच दिसतं, जे गोळीने सुधारतं.

एकदम सोडून येऊ नका

आधी दोन तास, मग एक दिवस, मग एक रात्र, मग आठवडा. काही संस्था म्हणतात पहिले तीन महिने भेटू नका, त्याला सवय होऊ द्या. मला हे पटत नाही. पटलं होतं एकदा, त्याची किंमत बापूने दिली. त्याची गोधडी, त्याची बशी, आईचा फोटो सोबत द्या. जागा त्याला दाखवून विचारा, आणि उत्तर तोंडाने येईल असं नाही, चप्पल काढतो की घालूनच बसतो ते बघा. बापूने जळगावच्या घरात दुसऱ्या भेटीला चप्पल काढून कोपऱ्यात लावली होती, तेव्हा आई पहिल्यांदा नीट जेवली.

सणांचं आधी बोलून घ्या. आखाजीला, कानबाईच्या रोटाला तो घरी येणार म्हणजे येणार, त्या दिवसांची फी कापतात की नाही हा नंतरचा प्रश्न. एसटीत सवलत आहे, रेल्वेत त्याला आणि सोबतच्या माणसाला 75 टक्क्यांपर्यंत सवलत मिळते, त्याचं सर्टिफिकेट आधी करून घ्या.

पैसे

संजय गांधी निराधारचं अनुदान किंवा पेन्शन त्याच्या खात्यात येत असेल तर एटीएम कार्ड संस्थेकडे देऊ नका. वरखर्चाला रोख द्या आणि बिलं मागा. थोडे पैसे त्याच्या स्वतःच्या हातात असू द्या, बापू दर शनिवारी वीस रुपये घेऊन कोपऱ्यावर जातो आणि कधी भजी, कधी फुगा घेऊन येतो. फुग्याला आमचा मोठा भाऊ अजून वैतागतो, चाळिशीला आलेल्या माणसाने फुगा घ्यावा का. अरे तुझ्या गुटख्याला कुणी काही बोलतं का?

काही चुकतंय असं वाटलं तर

तारीख घालून फोटो काढा, त्याच दिवशी सरकारी डॉक्टरांकडून तपासून घ्या, कागद घ्या. मग लेखी तक्रार: संस्थेला, जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याणाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना. पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका. छळ होत असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या साध्या भाषेत तहसीलदाराकडे, सुद्धा जाता येतं. मारहाण किंवा चारचौघांत मुद्दाम अपमान ह्याला 2016 च्या कायद्याच्या कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, पोलीस स्टेशनला हे कलम तोंडपाठ असेलच असं नाही, छापून न्या. आणि सगळ्यात आधी माणसाला तिथून घरी आणा, तक्रार नंतर. आम्ही उलटं केलं, तक्रारीचं काय होतं ते बघत तीन आठवडे घालवले, आणि ते तीन आठवडे तो तिथेच होता.

आता आम्हा तिन्ही कुटुंबांत पाळी लावलीय, दर आठवड्याला कुणीतरी एक जण न सांगता जाऊन येतो, वहीत चार ओळी लिहितो, गोळ्यांची पाकिटं मोजतो, पोटाची नोंद बघतो. ह्या महिन्यात माझी पाळी तिसऱ्या आठवड्यात आहे. वार मी कुणालाच सांगितला नाहीये, बापूला तर अजिबात नाही, त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही.